छतावरची सरळ रेघ: जिप्सम बोर्डाचा सांधा का फुटतो आणि तो घरी कसा बांधायचा

पाऊस ओसरला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या जिन्यात रंगाचे डबे दिसायला लागतात. नवरात्र ते दिवाळी हा घरं रंगवायचा काळ. आणि नेमकं याच काळात हॉलमध्ये मान वर करून बघितलं की फॉल्स सीलिंगवर एक रेघ दिसते. केसाएवढी बारीक, पण पट्टीने आखल्यासारखी सरळ. गेल्या वर्षी रंगाऱ्याने ती भरलेली असते. यंदा ती पुन्हा तिथेच असते.

धायरीतल्या आमच्या घरात ती अशी तीन वर्षं येत राहिली. दोनदा भरून घेतली. तिसऱ्या वेळी मी स्वतः घोड्यावर चढले, कटरने रेघ उकरली, तर पांढरा भुगा हातावर पडला आणि बोट थेट दोन बोर्डांच्या फटीत गेलं. आत फक्त लांबी, म्हणजे रंगाआधी भेगा बुजवायचा लगदा, भरलेली होती आणि तिच्यावर रंग. सांध्यावर लावायच्या टेपचा एक तुकडासुद्धा नव्हता. हजारो घरांत हेच झालेलं असतं, आणि लोक दरवर्षी तीच रेघ पैसे देऊन भरून घेतात. ही रेघ भरून जात नाही. तिथला सांधा बांधावा लागतो, आणि तो का हे एकदा कळलं की घरच्या घरीही बांधता येतो.

## आधी भेग ओळखा

सगळ्या भेगा एका जातीच्या नसतात. सरळ रेघ, भिंतीला समांतर, आणि तिच्यापासून चार फुटांवर तशीच दुसरी, म्हणजे बोर्डाचा सांधा. वेडीवाकडी, नदीच्या नकाशासारखी भेग असेल तर ते छत बहुधा बोर्डाचं नसून जागेवर थापलेल्या पीओपीचं आहे. छत जिथे भिंतीला टेकतं तिथे चारी बाजूंनी फिरणारी भेग हा वेगळा प्रकार आहे, त्याकडे पुढे येते. ओळीने बारीक गोल फुगे दिसले तर ती स्क्रूची डोकी आहेत. आणि पिवळसर कडेचा डाग असेल तर बाकी सगळं थांबवून आधी वरच्या बाथरूमची किंवा गच्चीची गळती शोधा. ओल्या बोर्डावर केलेलं कोणतंही काम टिकत नाही.

हा लेख पहिल्या प्रकाराबद्दल आहे.

## बोर्ड म्हणजे कागदात धरलेला दगड

जिप्सम हा एक मऊ दगड आहे, इतका मऊ की नखाने ओरखडा निघतो. आपल्याकडे तो मुख्यतः राजस्थानात सापडतो. तो साधारण १५० अंश सेल्सिअसला भाजला की त्याच्यातलं तीन चतुर्थांश पाणी उडून जातं आणि उरते ती पीओपीची पावडर, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. पॅरिसच्या माँमार्त्र टेकडीत जिप्समच्या खाणी होत्या, त्यावरून हे नाव. या पावडरीत पाणी घातलं की ती गेलेलं पाणी परत घेते, आत सुईसारखे स्फटिक तयार होऊन एकमेकांत अडकतात आणि पुन्हा दगड होतो.

पुणेकरांना हा पदार्थ गणेशमूर्तींमुळे चांगलाच माहीत आहे. पीओपीची मूर्ती पाण्यात विरघळत नाही, कारण ती साच्यात पुन्हा जिप्सम झालेली असते आणि जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. म्हणूनच पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने घरच्या बादलीत अमोनियम बायकार्बोनेट घालून मूर्ती विरघळवायची रीत काढली आणि २०१६ च्या गणेशोत्सवात महापालिकेने ती पावडर लोकांना वाटली. आपल्या डोक्यावरचं छत त्याच पदार्थाचं आहे.

या दगडाची एक खोड आहे. दाबलं तर तो टणक, पण ओढलं किंवा वाकवलं तर कच्चा. शाळेतला खडू आठवा, तोही पुष्कळदा जिप्समचाच असतो. दोन बोटांत धरून जरा वाकवला की टक्कन तुटतो. त्याच खडूभोवती कागद घट्ट चिकटवला तर सहज तुटत नाही, कारण ओढ कागद सोसतो. जिप्सम बोर्डाची युक्ती हीच आहे. मधे १२.५ मिलिमीटरच्या आसपास जिप्सम, दोन्ही बाजूंना जाड कागद. बोर्डाची ताकद बरीचशी या कागदात आहे.

आता दोन बोर्ड शेजारी लावले की काय होतं? जिप्सम संपतं, आणि कागदही संपतो. सांध्यावर ओढ सोसणारं काहीच उरत नाही.

## घर हलत नाही असं वाटतं, पण छत हलतं

पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास येते. जुलैत ती ८५ टक्क्यांच्या घरात असते. बोर्ड या दमटपणाने किंचित फुगतो आणि कोरड्या हवेत किंचित आक्रसतो. आर्द्रता एक टक्का वाढली की एक मीटर बोर्ड सुमारे सात मायक्रॉन वाढतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ऐकायला नगण्य वाटतं. पण पाच मीटर लांब हॉल घ्या आणि साठ टक्क्यांचा फरक धरा, तर हिशेब दोन मिलिमीटरवर जातो. शिवाय तापमानाची घटबढ वेगळी, एसी लावल्यावर येणारा कोरडेपणा वेगळा.

हे दोन मिलिमीटर कुठेतरी जातातच. छतातली सगळ्यात कमकुवत जागा ते शोधून काढतात, आणि लांबीने भरलेल्या सांध्यापेक्षा कमकुवत जागा छतात नसते. लांबी वाळल्यावर खडूसारखीच असते. म्हणून भरलेली भेग पहिल्या पावसाळ्यानंतर हवा कोरडी व्हायला लागली की उघडते.

## टेप म्हणजे मधे तुटलेला कागद

हाड मोडल्यावर घालतात ते प्लास्टर बघितलंय? पूर्वीपासून चालत आलेलं पांढरं प्लास्टर याच पीओपीचं असतं, पण नुसत्या पीओपीचं कधीच नसतं. सुती जाळीदार पट्टी पीओपीत भिजवून गुंडाळतात. आकार पीओपी धरते, ओढ पट्टी सोसते. सांध्यावरच्या टेपचं काम हेच. दोन बोर्डांमधे जो कागद तुटला होता तो टेप पुन्हा जोडते. मग सगळे बोर्ड मिळून एक चादर होते आणि ती चादर एकसंध हलते.

टेप चिकटवायला आणि झाकायला जो लगदा लागतो त्याला जॉइंट कंपाउंड म्हणतात. पुढे मी नुसतं कंपाउंड म्हणते.

दुकानात दोन तऱ्हेच्या टेप मिळतात. एक कागदी, साधारण दोन इंच रुंद, मधोमध घडीची रेघ असलेली. दुसरी काचतंतूंची जाळी, मागून चिकट. जाळी लावायला सोपी, म्हणून नवशिक्याच्या हातात दुकानदार तीच देतो. माझं मत कागदीच्या बाजूने आहे. कागद ताणला जात नाही, जाळी थोडी देते. कागद पातळ बसतो, जाळीचा उंचवटा झाकायला जास्त कंपाउंड लागतं. आणि कोपऱ्यात कागद घडीवर दुमडून बसवता येतो. जाळी वापरायचीच असेल तर तिच्याखालचा आणि वरचा पहिला हात घट्ट होणाऱ्या कंपाउंडचा हवा, वाळणाऱ्याचा नको.

## दही आणि कुरडई

घट्ट होणारं आणि वाळणारं, हा फरक न कळल्यामुळे सगळ्यात जास्त कामं बिघडतात.

पावडरीच्या पोत्यात मिळणारं घट्ट होणारं कंपाउंड दह्यासारखं आहे. पाणी घातलं की आत रासायनिक क्रिया सुरू होते आणि ठरावीक वेळात ते लागतं, बाहेर पाऊस असो वा ऊन. एकदा लागायला लागलं की ढवळून उपयोग नाही, मोडलेलं दही पुन्हा लागत नाही. वरून पाणी घालून ते लांबवायचा मोह होतो, तो आवरा. आणखी एक साम्य अगदी शब्दशः आहे: बादलीत जुन्या कालवणाची खरवड राहिली असेल तर ती विरजणाचं काम करते. आधीच तयार झालेले स्फटिक नव्यांना ओढून घेतात आणि अर्ध्या तासाचं कालवण दहा मिनिटांत दगड होतं. प्रत्येक वेळी बादली आणि पत्ती (कंपाउंड पसरायची पातळ पाती) धुऊनच नवं कालवा. आधी पाणी, मग त्यात पावडर, थोडं थांबून मग ढवळणं.

डब्यात तयार मिळणारं कंपाउंड कुरडईसारखं आहे. ते फक्त वाळतं. हवेला पाणी ओढून घ्यायला वेळ लागतो, आणि वाळताना ते आकसतं, जशी ओली कुरडई वाळल्यावर बारीक होते. एका हाताला २४ तास धरायचे. आपल्याकडे ऑगस्टमध्ये कुरडया कोणी घालत नाही, तसंच हे कामही ऑगस्टमध्ये काढू नये. वरून कोरडं आणि आतून ओलं राहिलेल्या थरावर दुसरा थर चढवला की आतला नंतर आकसतो आणि वरचा तडकतो.

मी फट भरायला आणि टेप बसवायला घट्ट होणारं घेते, वरच्या दोन हातांना तयार डब्यातलं. तयार डब्यातलं घासायला मऊ असतं, हात बसला नसला तरी सुधारता येतं.

## घोड्यावर चढल्यावर

आधी पंख्याचा आणि छतातल्या दिव्यांचा पुरवठा मेन स्विचवरून बंद. सोफा-टीव्हीवर जुन्या चादरी.

मग भेगेच्या दोन्ही बाजूंनी तळहाताने बोर्ड वर दाबून बघा. एक बोर्ड हलला आणि दुसरा स्थिर राहिला तर दोष टेपचा नाही, बोर्ड पत्र्याच्या फ्रेमला नीट धरलेला नाही. छताला स्क्रू साधारण २३० मिलिमीटरवर, म्हणजे वीतभर अंतरावर हवेत. कमी असतील तर २५ मिलिमीटरचे काळे बोर्ड-स्क्रू घालून घ्या. स्क्रूचं डोकं कागदाच्या पातळीखाली जेमतेम जायला हवं, कागद फाटायला नको. कागद फाटला की त्या स्क्रूने काही धरलेलंच नाही. फ्रेमचाच पत्रा झोल खात असेल तर मात्र कारागीर बोलवा.

आता भेग उकरायची. कटरने दोन्ही कडा तिरक्या कापून सगळं सुटं काढा, आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच जुना रंग आणि लांबी खरवडून बोर्डाच्या कागदापर्यंत या. हे किचकट काम आहे आणि इथेच सगळे कंटाळतात. पण टेप जुन्या रंगावर बसली तर ती रंगाला चिकटेल, बोर्डाला नाही. धूळ ब्रशने झाडा. फट कंपाउंडने गच्च भरा आणि लागू द्या.

मग टेपचा हात. कंपाउंड श्रीखंडाइतकं दाट: पत्तीवर उभं राहील, पण पसरेल. सांध्यावर चार इंच रुंद, दीड-दोन मिलिमीटर जाडीचा पट्टा ओढा, एका वेळी चार-पाच फुटांपेक्षा जास्त नको. कागदी टेप पाण्यातून नुसती काढून (भिजवून ठेवायची नाही) घडीचा उंचवटा बोर्डाकडे येईल अशी मधोमध ठेवा. आता सहा इंची पत्ती तिरकी धरून मधून एका टोकाकडे ओढा, मग मधून दुसऱ्या टोकाकडे. टेपच्या दोन्ही कडांमधून कंपाउंड बाहेर येताना दिसलं पाहिजे. ते दिसलं म्हणजे खाली सगळीकडे माल आहे. पण सगळंच पिळून काढू नका, टेपखाली पातळ थर राहायला हवा, तोच तिला धरतो.

माझ्या पहिल्या सांध्याला तीन ठिकाणी फुगे आले. टिचकी मारली की पोकळ आवाज. खाली कंपाउंडच नव्हतं. दाबून बसवायचा प्रयत्न केला, बसले नाहीत. शेवटी तेवढा भाग कापून नवी टेप लावली, आणि तोच एक उपाय आहे. ओलं असतानाच बोट फिरवून बघायची सवय मला तेव्हापासून लागली.

टेपवर लगेच एक अगदी पातळ हात, आणि सुटी.

पुढचे दोन हात जाडीसाठी नसतात, रुंदीसाठी असतात. दुसरा आठ इंच रुंद, तिसरा बारा इंच, दर वेळी कडा शून्यावर मिळवत. डोळ्याला उंचवटा दिसत नाही, चढ दिसतो. एक मिलिमीटरचा चढ एका इंचात संपवला तर सावली पडते, सहा इंचांत संपवला तर कळतही नाही.

इथे बोर्डाची लांब कड आपल्याला मदत करते. कारखान्यातून येतानाच ती काठाजवळ मिलिमीटर-दीड मिलिमीटर पातळ केलेली असते. अशा दोन कडा शेजारी आल्या की उथळ पन्हळ तयार होते आणि टेप त्यात बसते. बोर्ड जिथे कापलेला असतो तिथे ही सोय नाही. त्या सांध्यावर टेप वरच बसते, म्हणून तिथे कंपाउंड दीड-दोन फूट रुंदीत पसरावं लागतं.

## “एवढ्याशा रेघेला एवढा खटाटोप?”

माझे सासरे खाली उभे राहून हेच म्हणाले. “अगं, केसाएवढी तर रेघ आहे. लांबी भर, रंग मार, झालं.”

“बाबा, दोनदा तेच केलं ना आपण?”

“मग पीओपी भर. ती लांबीपेक्षा टणक असते.”

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, पीओपी टणक असतेच. पण टणकपणा इथे कामाचा नाही. जितकं टणक तितकं ओढीला ठिसूळ. सांध्यात पीओपी भरली तर भेग थोडी सरकून पीओपीच्या काठाने पडते. पांढऱ्या सिमेंटची पुट्टीही बोर्डाच्या सांध्यात नको, ती सिमेंटच्या गिलाव्यासाठी बनवलेली असते.

दुसरा प्रश्न शेजारच्या काकूंचा: “नवीन घरातच टेप लावून का देत नाहीत गं?” त्याचं उत्तर मला कामाच्या हिशेबात दिसतं. फॉल्स सीलिंगचा दर चौरस फुटावर ठरतो. वाळायला लागणाऱ्या दिवसांचे पैसे कोणी देत नाही. तीन हात आणि मधे दोन रात्री, एवढा वेळ ज्याच्याकडे नाही तो कारागीर एका दिवसात भरून निघून जातो, आणि ताबा घेताना आपण घासलेलं, रंगवलेलं छत बघतो. म्हणून नवं काम करून घेणार असाल तर रंगाआधी एक दिवस स्वतः जाऊन उभे राहा आणि सांध्यांवर टेप दिसते का ते डोळ्यांनी बघा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

## “मग भिंतीजवळची भेगही अशीच बांधायची?”

नाही, आणि हे महत्त्वाचं आहे. छताची चादर एकसंध झाली की तिची हालचाल कडेला येते. तिथे बोर्ड संपून विटांची किंवा काँक्रीटची भिंत सुरू होते, आणि दोघांचं फुगणं-आक्रसणं वेगळं असतं. ती जागा घट्ट बांधली तर ती फुटणारच. तिथे रंगवता येणारं अ‍ॅक्रिलिक सीलंट भरा. ते वाळल्यावरही रबरासारखं थोडं ताणतं. सिलिकॉन घेऊ नका, त्याच्यावर रंग धरत नाही. छत नव्याने होत असेल तर भिंतीपासून अर्धा-पाऊण इंच खाच सोडून घेणं सगळ्यात उत्तम, मग तिथे भेग पडली तरी सावलीत जाते. दहा-पंधरा मीटरच्या पुढच्या सभागृहांना छताच्या मधेही असा मोकळा सांधा द्यावा लागतो, घरच्या हॉलला ती वेळ येत नाही.

## घासणं, आणि मग रंग

शेवटचा हात पूर्ण वाळल्यावर १५० नंबरचा पॉलिश पेपर, हलक्या हाताने. टेपचे कागदी तंतू दिसायला लागले की थांबा, जास्त झालं. ही धूळ पिठापेक्षा बारीक असते आणि डोक्यावर काम करताना सरळ नाकातोंडात येते. एन-९५ मास्क आणि चष्मा लावूनच करा, रुमाल पुरत नाही. घरात दम्याचं माणूस किंवा लहान मूल असेल तर ओल्या, घट्ट पिळलेल्या स्पंजने घासा. धूळ उडत नाही, थोडा वेळ लागतो इतकंच.

तपासणी रात्री करायची. खोलीतले दिवे बंद करून टॉर्च छताला जवळजवळ टेकवून आडवी मारा. दुपारी गुळगुळीत वाटलेल्या छतावर टेकड्या दिसतात. पेन्सिलने खुणा करा, तेवढ्याच जागी पातळ हात.

आणि रंगाआधी प्रायमर, टाळता न येणारा. बोर्डाचा कागद आणि कंपाउंड रंग वेगवेगळा शोषतात. प्रायमर नसेल तर सांधा सपाट असूनही पट्टा वेगळ्या छटेचा दिसतो, आणि लोकांना वाटतं भेग परत आली.

आमच्या हॉलचा सांधा मी दसऱ्यानंतरच्या सोमवारी उकरला. त्याच दिवशी टेप, मंगळवारी दुसरा हात, बुधवारी तिसरा. गुरुवारी सकाळी रंगारीदादांचा फोन आला, आज येऊ का म्हणून. मी घोड्यावर चढून तळहात लावला. सांधा बोर्डापेक्षा गार लागला, म्हणजे आत अजून ओल होती. त्यांना शनिवारी यायला सांगितलं.